कद्री गोपालनाथ: सॅक्सोफोनला कर्नाटक संगीतात स्थान देणारे गुरू

बंगळूर विद्यापीठाने 2004 मध्ये सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ यांना मानद डॉक्टरेट प्रदान केली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. लष्करी बँड, जॅझ आणि चित्रपटसंगीताशी निगडित असलेल्या एका पाश्चात्त्य वाद्याला अभिजात कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रमुख वाद्याचे स्थान मिळवून देण्याच्या दीर्घ साधनेवर या सन्मानांनी मोहोर उमटविली. 11 ऑक्टोबर 2019 रोजी मंगळूर येथे वयाच्या 69 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नादस्वरमकडून सॅक्सोफोनकडे

गोपालनाथ यांचा जन्म 1949 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बंटवाळ तालुक्यात सजीप मूड या गावी झाला. वडील तनियप्पा हे नादस्वरमवादक. महाराष्ट्रात मंगलकार्यात सनईचे जे स्थान, तेच दक्षिणेत नादस्वरमचे. गोपालनाथ यांचे प्रारंभीचे शिक्षणही वडिलांकडे याच वाद्यावर झाले.

म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी प्रथम सॅक्सोफोन ऐकला आणि त्या स्वराने त्यांना भुरळ घातली. मंगळूरच्या कलानिकेतन संस्थेतील गोपालकृष्ण अय्यर यांच्याकडे त्यांनी कर्नाटक संगीताचे धडे घेतले. पुढे मद्रास येथे गायक आणि मृदंगवादक टी. व्ही. गोपालकृष्णन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. या वाद्यावर प्रभुत्व मिळविण्यास त्यांना सुमारे वीस वर्षे लागली.

अडचण वाद्याच्या रचनेतच

एवढा काळ लागण्याचे कारण सॅक्सोफोनच्या घडणीत आहे. बेल्जियमचे वाद्यनिर्माते अडॉल्फ सॅक्स यांनी 1846 मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. वाद्य पितळी असले तरी त्याचा नाद तोंडाजवळच्या एका पत्तीच्या कंपनातून उमटतो. त्यामुळे त्याची गणना काष्ठवाद्यांमध्ये होते. नादस्वरमला दुहेरी पत्ती असते. दोन्ही वाद्यांची नळी तोंडाकडून टोकाकडे रुंदावत जाते. या अर्थाने ती दूरची भावंडेच म्हणावी लागतील.

फरक आहे तो बोटांखाली. नादस्वरमची भोके उघडी असल्याने ती अर्धवट झाकून दोन स्वरांमधील अवकाशात फिरता येते. सॅक्सोफोनची भोके मात्र चाव्यांना जोडलेल्या झाकणांनी बंद होतात. झाकण उघडे असते किंवा बंद. परिणामी प्रत्येक स्वर सुटा, ठाशीव निघतो. कर्नाटक संगीताचा प्राण असलेले गमक, म्हणजे स्वराला दिलेले आंदोलन, अशा वाद्यातून काढणे कठीण असते. गमक नसेल तर राग ओळखू येईल, पण तो सजीव होणार नाही.

गोपालनाथ यांनी ओठांचा दाब, श्वासावरील नियंत्रण आणि बोटांची विशिष्ट हालचाल यांच्या बळावर ही मर्यादा ओलांडली. आपल्या आल्टो सॅक्सोफोनमध्ये त्यांनी काही फेरफारही केले. गायक ज्या पद्धतीने रागालापन करून कृती सादर करतो, त्याच गायकी अंगाने ते वाजवीत असत.

मुंबईत मिळाली कलाटणी

1980 मधील मुंबईचा जॅझ महोत्सव त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा ठरला. अमेरिकेतील जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांचे वादन ऐकले आणि त्यांच्यासमवेत वाजविण्याची इच्छा व्यक्त केली. त्यानंतर प्राग आणि बर्लिन येथील महोत्सवांची दारे त्यांना खुली झाली. 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील बीबीसी प्रॉम्स मैफलमालेत वादनाचे निमंत्रण मिळालेले ते पहिले कर्नाटक संगीतकार होते.

त्याच वर्षी के. बालचंदर यांच्या 'डुएट' या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांच्या संगीतासाठी त्यांनी सॅक्सोफोन वाजविला. यामुळे त्यांचे नाव शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांपलीकडे पोहोचले. 1996 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. व्हायोलिनवादक ए. कन्याकुमारी आणि बंगळूरचे मोरसिंगवादक राजशेखर यांच्या साथीने रंगलेल्या त्यांच्या मैफली रसिकांच्या विशेष स्मरणात आहेत.

शिष्य आणि दूरचे विद्यार्थी

गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनचे शिक्षण गुरू-शिष्य परंपरेनुसारच दिले. तयार स्वरलिपीपेक्षा आधी गाऊन, मग वाजवून शिकण्याची ही पद्धत आहे. त्यांच्या शिष्यांपैकी बंगळूरच्या एम. एस. लावण्या यांनी भगिनी सुब्बलक्ष्मी यांच्यासह 'सॅक्सोफोन भगिनी' म्हणून नाव मिळविले. मंगलवाद्यांचे क्षेत्र बहुतांशी पुरुषांचे राहिले असताना ही बाब लक्षणीय ठरते.

समोर बसून न शिकलेल्यांवरही त्यांचा प्रभाव पडला. अमेरिकेतील भारतीय वंशाचे सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांना विद्यार्थिदशेत थोरल्या भावाने थट्टेने भारतीय शैलीतील सॅक्सोफोनची एक ध्वनिमुद्रिका भेट दिली. ती गोपालनाथ यांची होती. थट्टेतून सुरू झालेला हा परिचय पुढे सहवादनापर्यंत पोहोचला आणि 2008 मध्ये दोघांचा 'किन्समेन' हा अल्बम प्रसिद्ध झाला.

यशाची दुसरी बाजू

कर्नाटकाच्या किनारपट्टीवर विवाह आणि देवळांतील उत्सवांत सॅक्सोफोन आता सर्रास वाजतो. गोपालनाथ यांच्या लोकप्रियतेचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र अनेक ठिकाणी ही जागा त्याने नादस्वरमकडूनच घेतली. ज्या वाद्याने गोपालनाथ यांना गमकाची जाण दिली, त्याच वाद्याचे वादक यामुळे मागे पडत असतील, तर तो चिंतेचा विषय आहे.

गोपालनाथ यांच्या वादनाचे सामर्थ्य पितळी वाद्यात नादस्वरमचा स्वर शोधण्यात होते. पुढील पिढीने सॅक्सोफोन हाती घेताना तो मूळ स्वर कानी जपला, तरच ही परंपरा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.