तापीपलीकडचे रांदेर : एका गावाची घरे आणि त्यांचे धनी

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम 1664 व 1670 या दोन सालांचे स्मरण होते. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या, वीरजी व्होरा याच्या कोठ्या, किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार इनायतखान ही चित्रे शालेय पुस्तकापासून डोळ्यांपुढे आहेत. त्या गडबडीत शहरातील कित्येक कुटुंबे होड्यांतून तापी ओलांडून निघून गेली, हा तपशील मात्र सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. त्या पैलतीरावरच, सुरतेच्या किल्ल्यापासून सुमारे दोन मैल वर, रांदेर हे गाव उभे आहे. सुरतेच्या मानाने ते धाकटे भासते. वयाने ते थोरले आहे.

तापीच्या मुखाकडून येणारा व्यापार प्रारंभी रांदेरच्याच हाती होता. येथे जैन व्यापाऱ्यांची वस्ती जुनी. तेराव्या शतकात कूफा येथून आलेल्या अरबांनी, ज्यांना पुढे नायता म्हणत, गावाचा ताबा मिळवला अशी परंपरा आहे. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने हिंदी महासागराच्या काठच्या देशांचे वर्णन लिहिले. त्यात हे गाव ‘रेनेल’ या नावाने येते. मलाक्का, पेगू, तेनासरीम व बंगाल येथून रेशीम, मसाले, कस्तुरी व चिनी माती आणणाऱ्या श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्यांचे गाव, असे तो त्याचे वर्णन करतो. त्याच्या वर्णनातील एक गोष्ट विशेष लक्ष वेधते. रांदेरच्या घरांत पुढच्या खोलीभर भिंतींना फळ्या लावून त्यांवर चिनी मातीची नवनवी भांडी मांडलेली असत. परदेशी वस्तू विकण्यापुरत्याच न आणता आपल्या ओसरीतील पाहुण्याला दाखविण्याकरिताही आणाव्यात, हा या गावाचा स्वभाव म्हणावा लागेल. पुढची चारशे वर्षे तो टिकला.

1530 साली आंतोनियो द सिल्व्हेरा याच्या पोर्तुगीज आरमाराने सुरत व रांदेर ही दोन्ही ठिकाणे लुटून जाळली. सुरत सावरली. खुदावंतखानाने नदीकाठी बांधलेला किल्ला 1546 मध्ये पुरा झाला आणि त्याच्या तोफांच्या आश्रयाने व्यापाराचा ओघ दक्षिण काठाकडे वळला. रांदेरकडे किल्ला नव्हता. बंदर गेल्यावर त्या गावाकडे घरे, मशिदी व दर्यावर्दी माणसे एवढेच उरले. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी शहरात उभ्या राहिल्या आणि रांदेर हे शहरापलीकडचे एक खेडे झाले. मात्र महसुलाच्या दृष्टीने ते चौऱ्यांशी गावांच्या चोऱ्याशी तालुक्यात असल्याने सुरतेच्या फार जवळचे होते.

येथे मराठी वाचकास आपल्या इतिहासाचा आणखी एक धागा सापडतो. अठराव्या शतकात सुरतेच्या आसपासचा मुलूख ‘सुरत अठ्ठावीसी’ म्हणून ओळखला जात होता. या परगण्यांवर गायकवाड व पेशवे यांचा हक्क प्रस्थापित झाला. चौथाईचे अंमलदार सुरतेत असत. पिलाजी गायकवाडांचे सोनगड याच तापीच्या खोऱ्यातले. वसईच्या तहाने 1802 च्या अखेरीस पेशव्यांनी सुरतेवरील हक्क सोडले. परंतु कामरेज, नवसारी यांसारखी गावे 1949 मधील बडोद्याच्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडीच राहिली. त्यामुळे एकाच नदीखोऱ्यात इंग्रजी गाव व गायकवाडी गाव असे शेजारी नांदले. सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी दुर्गाराम मेहताजी आदींसह 1844 मध्ये मानवधर्म सभा काढली, ही गोष्टही मराठी माणसाचा सुरतेशी संबंध केवळ तलवारीचा नव्हता हे सांगण्यास पुरेशी आहे.

एकोणिसाव्या शतकात सुरतेचे भाग्य मुंबईकडे गेले. 1837 च्या एप्रिलमधील आगीने शहरात व उपनगरांत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात केली. त्याच वर्षी पूरही आला. रांदेरने मात्र या काळात वेगळी वाट धरली. येथील सुन्नी बोहरा व्यापारी ब्रह्मदेशात गेले. रंगूनमध्ये सुरती जमातीची जामा मशीद उभी राहिली, ‘सुरती बरा बाजार’ नावाची मोठी पेठ वसली. तिकडे मिळवलेला पैसा रांदेरच्या अरुंद गल्ल्यांत सागवानी दरवाजे, कोरीव कमानी व दुमजली-तिमजली हवेल्यांच्या रूपाने परत आला. ब्रह्मदेशी सागाचे वासे त्यांत अजूनही दिसतात. स्वयंपाकघरातही ब्रह्मदेश आला. नूडल्सचा ‘खावसा’ आजही रांदेरची खासियत म्हणून खाल्ला जातो. बार्बोसाच्या काळच्या चिनी मातीच्या फळ्या आणि हे कोरीव साग, यांत फरक केवळ बंदराच्या नावाचा आहे.

1877 मध्ये तापीवर होप पूल झाला आणि होडीचे अंतर पायी चालण्याचे झाले. तरीही दीर्घकाळ रांदेर हे गाव म्हणूनच राहिले. बाहेरच्या माणसाने येथे घर घ्यावे असा प्रसंग विरळाच येई, कारण घर विकणे म्हणजे घराण्याची गावातील जागा सोडणे होते.

ती स्थिती पालटली ती परदेशातील घडामोडींनी. डिसेंबर 1941 मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि हजारो हिंदी कुटुंबे परतली; काही वाटेतच दगावली. युद्धानंतर पुन्हा गेलेल्यांना 1962 च्या लष्करी सत्तांतरानंतर झालेल्या राष्ट्रीयीकरणाने दुकाने सोडावी लागली. या काळात काही कुटुंबे रांदेरच्या हवेल्यांत परतली, तर काही दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, रियुनियन व पुढे इंग्लंड येथे स्थायिक झाली. परिणामी अनेक घरांना कुलूप लागले.

येथून पुढे रांदेरमध्ये घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाची खरी कसोटी सुरू होते. पहिली अडचण वारसांची. इस्लामी वारसा नियमाप्रमाणे मुलीस मुलाच्या निम्मा हिस्सा असतो, विधवेसही ठराविक वाटा असतो. तीन पिढ्या वाटणी न होता गेल्या की एका घराचे पंधरा-वीस हिस्सेदार दोन-तीन खंडांत विखुरलेले निघतात. त्या सर्वांच्या सह्या, किंवा त्यांनी दिलेली कुलमुखत्यारपत्रे, मिळाल्याखेरीज खरेदीखत सुरक्षित होत नाही. एक सही राहिली तर खरेदी कागदावर पुरी असूनही मनात अपुरी राहते. दुसरी अडचण भाडेकरूंची. मुंबई भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. त्याच्या आधाराने राहणारा जुना भाडेकरू मालकापेक्षाही घराचा अधिक जाणकार असतो. तिसरी गोष्ट गावठाणाची. जुन्या गावठाणातील घरे शेतजमिनीप्रमाणे सातबाराच्या उताऱ्यावर सापडत नाहीत. मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवर भिस्त ठेवावी लागते. गुजरातेतील 1991 च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली जाहीर झालेल्या वस्त्यांत तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावराचा व्यवहार होऊ शकत नाही. हा कायदा दंग्यांनंतर घाईने व भीतीने घर विकावे लागू नये म्हणून आला. आता स्वखुशीने विकू पाहणाऱ्यासही त्याच दारातून जावे लागते. हा विषय वादाचा आहे, पण खरेदीदाराने तो टाळता येत नाही.

गावठाणाबाहेर वेगळाच देखावा. अडाजण व रांदेरच्या शेतांवर 1976 च्या नगररचना कायद्याखालील योजना आल्या. शेतकऱ्यांची जमीन एकत्र करून रस्ते, शाळा, बागा यांसाठी वाटा काढायचा आणि उरलेल्या जमिनीचे अंतिम भूखंड ज्याचे त्याला परत द्यायचे, ही पद्धत मुंबई इलाख्याच्या 1915 च्या कायद्यापासूनची. त्यातून सरळ रस्त्यांची, उंच इमारतींची वसाहत जुन्या गावाला वेढून बसली. शेतजमीन घ्यायची तर 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी हवा. बिनशेती झाल्याखेरीज इतरास ती घेता येत नाही.

हाच नियम शहराच्या दुसऱ्या टोकास मराठी माणसाला फार महाग पडला. 1900 मध्ये तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत गेली आणि खानदेश सुरतेस जोडला गेला. पुढे यंत्रमागांच्या काळात उधना, लिंबायत, गोडादरा, दिंडोली या खेड्यांत अहिराणी बोलणारी कुटुंबे वसली. तेथे बिनशेती न झालेल्या शेतातील लहान तुकडे मुद्रांकावरील साठेखताने घेण्याची रीत पडली. घर पक्के उभे राहिले, वीज आली, पण उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचेच राहिले. रांदेरमध्ये कागद आहेत व धनी परदेशी आहेत. येथे धनी दारात उभे आहेत आणि कागद नाही. एकाच शहराच्या दोन बाजूंची ही दोन दुःखे एकत्र वाचली तरच सुरतेच्या वाढीचा अर्थ उमगतो.

रांदेरच्या घराची किंमत ठरवताना आणखी एक साक्षीदार विचारात घ्यावा लागतो, तो म्हणजे तापी. 1972 मध्ये उकाई धरण पुरे झाल्यावर पुराची भीती गेली असे अनेकांस वाटले. ऑगस्ट 2006 मध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. अडाजण-रांदेर भागात लोक दिवसेंदिवस वरच्या मजल्यांवर अडकून पडले. जाणकार खरेदीदार आज घर पाहायला जातो तेव्हा भिंतीवरील पाण्याच्या खुणेची उंची आधी विचारतो, भाव नंतर.

जुन्या हवेल्या मात्र एकेक करून उतरत आहेत. सागाचे वासे, कोरीव खांब व दरवाजे जुन्या लाकडाच्या बाजारात घरापेक्षा सोपे विकले जातात, कारण त्यांना वीस सह्या लागत नाहीत.