शस्त्रक्रियेआधीचे बोलणे

कुटुंबनियोजनाचा इतिहास सांगताना आपण योजना, शिबिरे आणि आकडे यांचाच पाढा वाचतो. प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी पतिपत्नींत काही बोलणे झाले असेल, किंवा झाले नसेल. त्याची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात नाही. शिंदेशाहीपासून क्षिप्रेकाठी, उज्जयिनीत नांदत आलेल्या आपल्या मराठी घरांचीही गोष्ट याहून निराळी नसावी.

मराठी समाजात हा विषय उघडपणे काढणारा गृहस्थ डॉक्टर नव्हे, गणिताचा प्राध्यापक होता. महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले, यावरून या कामाचे धाडस ध्यानी येईल. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी गमवावी लागली. 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 मध्ये त्यांची बाजू मांडण्यास खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या घरातले. आपल्याला अपत्य नको, हा निर्णय रघुनाथराव आणि मालतीबाई यांनी जाणून-उमजून घेतला. मूल नसलेल्या स्त्रीला त्या काळी काय काय ऐकावे लागे, हे निराळे सांगायला नको. तरीही मालतीबाई या कार्यात पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

पुरुषाच्या शस्त्रक्रियेबद्दल तेव्हा युरोपात एक गंमत चालू होती. व्हिएन्नाच्या श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधल्यास तारुण्य परत येते असे प्रतिपादले, आणि फ्रॉइडसारख्या विद्वानानेही 1923 मध्ये ती करून घेतली! ती समजूत खोटी ठरली. पुढे आपल्याकडे याच शस्त्रक्रियेने पौरुष जाते अशी उलटी भीती पसरली. तीही तितकीच खोटी. शुक्रवाहिनी बांधल्याने वृषणातील संप्रेरकांना धक्का लागत नाही. मात्र ही भीती पती पत्नीजवळ बोलून दाखवीत नाही, आणि विषय तिथेच थांबतो.

1952 मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. आणीबाणीत, 1976–77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे 62 लाख पुरुषांच्या, आणि मध्य प्रदेशाचा वाटा सुमारे 10 लाखांचा. सक्तीच्या त्या दिवसांत पतिपत्नींच्या विचारविनिमयाला वावच उरला नाही. त्यानंतर पुरुष या मार्गावरून जवळजवळ नाहीसाच झाला. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के, तर पुरुषांचे अवघे 0.3 टक्के आढळले. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटातली, पुरुषाची त्याहून कितीतरी सोपी. तरी ओझे कोणावर पडले ते दिसतेच आहे.

शासकीय नियमांप्रमाणे जोडीदाराची संमती लागत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या देहावर हक्क आपलाच. पण पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, आणि वीर्यतपासणी होईपर्यंत निर्धास्त होता येत नाही. तेवढे दिवस तरी दोघांना एकमेकांशी बोलावेच लागते.