संगणकातली पहिली पीएच.डी.

नवा विषय जन्माला येतो तेव्हा त्याचे पहिले विद्यार्थी येतात कुठून? अर्थातच शेजारच्या विषयांतून!

केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेत ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' हा संगणक चालू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स मूळचे भौतिकीचे; त्यांचा विद्यार्थी डेव्हिड व्हीलर गणिताचा. 'संगणकशास्त्र' अशी पदवी तिथे नव्हतीच.

व्हीलरपुढचा एक प्रश्न पाहा. वर्गमूळ काढण्याच्या आज्ञा दर वेळी नव्याने का लिहायच्या? एकदा लिहून ठेवाव्यात आणि लागतील तेव्हा तिकडे जावे. पण काम संपल्यावर परतायचे कुठे? (पुस्तकात 'पान ४० पाहा' असे आले की आपण चालू पानात बोट ठेवतो. यंत्राला बोट कुठले?) व्हीलरची युक्ती अशी : निघताना त्या जागेचा पत्ता सोबत न्यायचा, उपआज्ञावलीने त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी लिहून घ्यायची. एडसॅकवरील कामासाठी १९५१ मध्ये त्याला पीएच.डी. मिळाली. संगणकशास्त्रातली ही जगातली पहिली, असे बहुतेक जण मानतात.

विल्क्स यांचा आणखी एक विद्यार्थी, ऑस्ट्रेलियाचा जॉन बेनेट, अभियंता होता. प्रथिनांच्या स्फटिकांची आकडेमोड एडसॅकवर करण्यासाठी त्याने जॉन केंड्रू यांना साथ दिली. मायोग्लोबिनच्या रचनेसाठी केंड्रू यांना १९६२ चे नोबेल मिळाले.

पुंजसंगणनात अशी सरमिसळ आता मुद्दाम घडवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१४ मध्ये पुंज-तंत्रज्ञानाच्या पीएच.डी.साठी खास केंद्र निघाले. पहिले वर्ष सर्वांनी एकत्र शिकायचे, मग प्रबंधाला लागायचे. व्हीलरला असा वर्ग मिळाला नाही. त्याच्याजवळ होते एक चालते यंत्र, आणि प्रत्येक विषयाचे लोक त्या यंत्रासाठी ताटकळत होते.