कीचकवधाकडून मायाबाजाराकडे

कावेरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे कुंभकोणमच्या मेलकावेरीच्या नावातील 'मेल' या शब्दाचे 'वरचे' आणि 'पश्चिमेचे' हे दोन्ही अर्थ तेथे एकरूप होतात. कथांच्या प्रवाहाचेही असेच असते. खालच्या काठावर उभे राहून पाणी कोठून आले ते पाहावयाचे झाल्यास वरच्या अंगाला जावे लागते. या तमिळ प्रदेशात वत्सलेचे नाव काढले की १९५७ सालचा 'मायाबाजार' आठवतो. तीच नायिका तेलुगू रूपात शशिरेखा होते आणि कोल्हापूरच्या पडद्यावर ती सुरेखा होती. व्यासांच्या भारतात मात्र तिचा पत्ता नाही. तेथे अभिमन्यूचा विवाह उत्तरेशी होतो. बलरामाच्या या कन्येला जन्म दिला तो लोककथेने.

आपल्या वाचकांना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' परिचित आहेच. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झनला आणि द्रौपदीच्या ठायी पीडित देशाला पाहिले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी, १९२० साली, बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 'सैरंध्री' हा मूकपट काढला. भीमाची भूमिका बाळासाहेब यादवांची होती. त्यातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके भयंकर उतरले की ते कापावे लागले. रौद्र आणि बीभत्स यांची ती परमावधीच होती.

याच कंपनीने १९२१ साली पुढचा चित्रपट काढला तो 'सुरेखाहरण'. त्यात शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण कृष्ण झाला होता. पुढे जग त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले. कथा एक पिढी पुढे सरकली होती. भीमाच्या जागी आता भीमपुत्र घटोत्कच आला होता. पांडवांचे राज्य जाताच बलराम दिलेला शब्द मोडतो आणि अभिमन्यूला वाग्दत्त असलेली कन्या दुर्योधनाच्या मुलाला देऊ करतो. मग घटोत्कच नवरीला पळवून नेतो आणि तिचे रूप घेऊन स्वतः बोहल्यावर उभा राहतो.

येथे थोडे थांबून पाहावे. विराटाच्या नर्तनशाळेत, काळोखात, स्त्रीच्या जागी भीम दबा धरून बसला होता. लग्नमंडपात स्त्रीच्या जागी त्याचा पुत्र आहे. युक्ती तीच, वंशही तोच. परंतु पहिल्या प्रसंगी अभिलाषा धरणाऱ्याचा चेंदामेंदा होतो, दुसऱ्या प्रसंगी नवरदेवाची केवळ गाळण उडते. बलाचे प्रयोजन बदलले की रसही बदलतो.

के. व्ही. रेड्डी यांनी 'मायाबाजार' तेलुगू व तमिळ अशा दोन भाषांत काढला तेव्हा हे परिवर्तन पूर्ण झाले. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नघरचा सगळा स्वयंपाक फस्त करतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. त्याहून नवल असे की भारतकथेवरील या चित्रपटात पाचही पांडव पडद्यावर येतच नाहीत!

हे अधःपतन म्हणावे काय? त्रिवेंद्रमहून १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या, भासाच्या नावावरील नाटकांपैकी 'मध्यमव्यायोग' पाहावा. ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला उद्देशून घटोत्कच 'मध्यम' अशी हाक मारतो आणि पांडवांतला मधला भीम 'ओ' देतो. बापलेकांची ही विनोदी गाठभेट फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४३८ मध्ये युरिपिडीझने 'अल्केस्टिस'मध्ये महापराक्रमी हेराक्लीझला शोकाकुल घरात मद्य पिऊन धिंगाणा घालावयास लावले; पण मृत्यूशी झुंजून त्या घरची गृहिणी परत आणतो तोही तोच. आणि येथून जवळच, तंजावरच्या गादीवर १६८४ ते १७१२ या काळात असलेल्या शहाजीराजांनी एकीकडे तिरुवारूरच्या त्यागराजाची 'पल्लकीसेवा' रचली, तर दुसरीकडे 'सतीदानशूरमु' या तेलुगू प्रहसनात मोरोभट्ट नावाच्या विद्वान ब्राह्मणाच्या वर्णाभिमानाचा फज्जा उडविला. भक्ती आणि थट्टा एकाच लेखणीतून उतरली. देवाचे काही उणे झाले नाही.

२०१७ साली टायका वायटीटी यांनी 'थॉर : रॅग्नारॉक' या तिसऱ्या भागात त्या गंभीर देवाला विनोदाच्या वाटेवर आणले, तेव्हा ती वाट कितीतरी जुनी होती. मात्र या वाटेचा जकातनाकाही आहे. 'कीचकवधा'त प्रेक्षक रागाने पेटून उठे, कारण द्रौपदी त्याच्यासमोर उभी होती. 'मायाबाजारा'त ती दिसत नाही आणि तो संतापही उरत नाही. तरीही अन्याय पुसला गेला आहे असे मला वाटत नाही. राज्य गेलेल्या आप्ताला दिलेला शब्द मोडणे, हा या हास्यकथेचा कणा आहे. परमुलखात राहिलेल्यांना त्यातील बोच विशेष जाणवेल. संतापाला आपला काळ आणि आपला शत्रू लागतो. कर्झन गेला की तो संताप इतिहासजमा होतो. लग्नातल्या फजितीला मात्र दुभाषाही लागत नाही. म्हणूनच बाप कोल्हापुरात आणि पुण्यात वंदनीय ठरला, तर मुलगा कावेरीच्या काठी घरचा झाला.