सिद्धगडाच्या रानात

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड आपल्याला माहीत असतो तो ट्रेकच्या व्हिडिओंमुळे. मीही पाठीला सॅक लावून तसाच गेलो होतो. पायथ्याच्या रानात हुतात्मा स्मारक दिसलं आणि थांबलो.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल मूळचे माथेरानचे, जन्म १९१२ चा. वकील झालेले कोतवाल १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सरकार मागावर लागलं, तेव्हा आसरा दिला तो या जंगलाने. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी इथेच गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल अवघे ३० वर्षांचे होते.

आज हे रान भीमाशंकर अभयारण्यात येतं. दरवर्षी २ जानेवारीला लोक इथे अभिवादनाला जमतात. एरवी आपण ट्रेकर मंडळी पुढे निघून जातो, कारण गड वर आहे. मला मात्र वाटतं, सिद्धगडाचा इतिहास जितका तटबंदीत आहे, तितकाच या झाडीतही आहे. झाडी गेली तर तो लढा कुठे लपून लढला गेला, हे पुढच्यांना दाखवणार कसं?