वाट मोकळी करण्याची विद्या



शस्त्रक्रियेचा इतिहास आपण बहुधा सुरीचा इतिहास म्हणून वाचतो. आज मी त्यातील अशा एका प्रकरणाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, जेथे पोट पुन्हा न उघडणे हीच प्रगती ठरली.

कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिन येथे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून एक धोका शल्यविशारदांच्या पाठीशी लागला. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त स्रवते. बांधलेल्या नळीचे टोक सुटले, तर ते पित्त पोटात झिरपते आणि जंतुसंसर्गाने रोग्याचे प्राण संकटात येतात. पुन्हा पोट उघडावे, तर सुजलेल्या ऊतींत टाका धरत नाही.

या कोड्याची किल्ली १८८७ सालीच हाती आली होती. रुग्गेरो ओड्डी यांनी पित्तनलिकेच्या मुखाशी असलेल्या वलयाकार स्नायूचे वर्णन केले होते. हे द्वार आवळलेले असेल, तर पित्त सोपी वाट धरते, म्हणजे भोकाची. पाटाचा काठ फुटला की शेतकरी आधी पुढचे दार उघडतो, मग काठ बुजवतो. येथेही न्याय तोच. मात्र त्या दाराशी पोहोचण्याचे साधन नव्हते.

ते साधन टप्प्याटप्प्याने घडले. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण दाखविली. १९६८ मध्ये मॅक्यून यांनी तोंडावाटे जाऊन त्या मुखात नळी घातली. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानात कावाई यांनी ते मुख छेदून रुंद करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे हॅम्बुर्गच्या सोहेंद्रा यांनी नलिकेत प्लास्टिकची नळी बसविली. मला विशेष वाटते ते हे, की छेद मुख्यतः खड्यांसाठी होता आणि नळी अर्बुदाने अडलेल्या वाटेसाठी. गळतीला त्यांचा उपयोग झाला तो नंतर.

आणि तो वेळेवर झाला. १९८५ मध्ये म्यूहे यांनी, तर १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी छोट्या छिद्रांतून पित्ताशय काढले. रोग्याचा त्रास घटला. परंतु जगभर आरंभीच्या काळात नलिकेच्या इजा वाढल्या. तेव्हा हीच नळी आधार ठरली. पित्त आतड्याकडे वळते, भोक आपोआप भरते आणि काही आठवड्यांनी नळी काढून घेतात.

या विद्येला मर्यादाही आहेत. नलिका पूर्ण तुटली असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेनेच ती जोडावी लागते. स्वादुपिंडाचा रस तर स्वतःच्याच ऊती पचवू लागतो. तेथे नळी तुटल्या जागेपलीकडे पोहोचली, तर यशाची आशा अधिक. पण त्या उपचारानेच स्वादुपिंडाला दाह होण्याचे भय असते. साचलेला द्रव जठराच्या भिंतीतून आत वळविण्याची रीतही पुढे रूढ झाली.

मित्रहो, या शोधकांनी जखम शिवली नाही. शरीराला ती भरून काढता यावी, एवढी वाट मोकळी केली. शरीराच्या सामर्थ्यावरचा हा विश्वासच मला या इतिहासाचे सार वाटतो.