ज्येष्ठांना शाळा-नोकरीचं किती बरोबर आठवतं?

पेन्शनचा अर्ज असो की शाळा सोडल्याचा दाखला, घरातल्या ज्येष्ठांना जुनं सगळं विचारावं लागतं. त्या आठवणीवर भरवसा किती ठेवायचा?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक व सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. पदवी घेऊन १ ते ५४ वर्षे झालेल्या २७६ जणांना कॉलेजात मिळालेल्या श्रेणी विचारल्या आणि मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. ३,९६७ पैकी ३,०२५ श्रेणी, म्हणजे शंभरात सुमारे ७६, बरोबर निघाल्या. जितकी वर्षे जास्त, तितकं ‘आठवत नाही’ जास्त. चुकीच्या सांगितलेल्या श्रेणींपैकी ८१ टक्के मात्र प्रत्यक्षापेक्षा वरच्या होत्या. मुद्दाम खोटं कोण बोलतं? रिकामी जागा मनच आपल्या सोयीने भरतं.

म्हणून नुसतं “कुठल्या साली?” विचारू नका. बेळगावात “शाळेत नाव घातलं ते राज्य पुनर्रचनेच्या (१ नोव्हेंबर १९५६) आधी की नंतर?”, गोव्यात “मुक्तीच्या वेळी (१९ डिसेंबर १९६१) कितवीत होता?”, नोकरीसाठी “७१ च्या युद्धावेळी कुठे कामाला होता?” असं विचारा. मोठ्या घटनेला धरून क्रम लावणं सोपं जातं. अर्जात मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा सर्व्हिस बुकात असेल तीच तारीख लिहा.